स्वस्त उत्प्रेरकानें हायड्रोजन स्वस्त होईल काय?

हल्लीं कोणतेंही वर्तमानपत्र उघडावें, तों महिन्या-दोन महिन्यांनीं एक बातमी ठरल्यासारखी दृष्टीस पडते. अमुक एका विद्यापीठांतील संशोधकांनीं अत्यंत स्वस्त असा उत्प्रेरक शोधून काढला असून आतां पाण्यापासून हायड्रोजन वायु कवडीमोलानें मिळूं लागणार, असा तिचा मथळा असतो. खालीं कांचेच्या भांड्यांतून बुडबुडे निघत असल्याचें चित्र असतें. पुढल्या खेपेस विद्यापीठ निराळें, धातु निराळा; बुडबुडे मात्र तेच. आमचे विद्यार्थी अशा बातम्या कापून वहींत चिकटवितात, आणि त्यांची ही जिज्ञासा आम्हांस मनापासून प्रिय आहे. परंतु त्यांचे पालक जेव्हां विचारतात कीं, इतके शोध लागूनही हा वायु स्वस्त कां होत नाहीं, तेव्हां विद्यार्थी निरुत्तर होतात. प्रश्न अगदीं वाजवी आहे. त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही येथें करणार आहों, आणि उत्तराबरोबर आमचें मतही सांगणार आहों. कारण या विषयांत मत बाळगण्याचें काम आतां केवळ शास्त्रज्ञांचें राहिलेलें नाहीं. भारत सरकारनें ४ जानेवारी २०२३ रोजीं राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजना मंजूर केली व तिच्यासाठीं १९,७४४ कोटि रुपयांची तरतूद केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन या देशांत तयार व्हावा, असा तिचा संकल्प आहे. महाराष्ट्र राज्यानेंही त्याच वर्षीं आपलें स्वतंत्र धोरण मंजूर केलें. हा पैसा करदात्यांचा, म्हणजे आमच्या वाचकांच्याच घरांतला आहे.

हायड्रोजन हवा कशाला, असें विचारलें म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मोटारगाडी उभी राहते. मोटारीची गोष्ट तूर्त बाजूस ठेवावी. शेतकऱ्याच्या घरीं युरियाची जी गोणी येते, तिच्या मुळाशीं अमोनिया असतो आणि अमोनियाच्या मुळाशीं हायड्रोजन. अलिबागजवळ थळ येथें जो मोठा खतकारखाना आहे, तेथें हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. आणि आपल्या देशास लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा सुमारें अर्धा भाग परदेशांतून जहाजांनीं येतो. तेलशुद्धीच्या कारखान्यांस हायड्रोजन लागतो, तो निराळाच. साऱ्या जगांत २०२३ सालीं सुमारें ९ कोटि ७० लाख टन हायड्रोजन खपला, आणि त्यांत पाण्यापासून स्वच्छ रीतीनें केलेला भाग शेंकडा एकही भरला नाहीं. बाकी जवळजवळ सर्व नैसर्गिक वायु व दगडी कोळसा यांपासून निघाला. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढतांना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत सुटतो. तेव्हां पाणी फोडून हायड्रोजन काढणें ही कोणा हौशी माणसाची कल्पना नसून ती खरी गरज आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं.

विजेनें पाणी फोडतां येतें, ही गोष्ट मात्र नवी नव्हे. इटलींतील व्होल्टा यानें आपल्या विद्युत्-घटाची वार्ता १८०० सालीं लंडनला कळविली, आणि त्याच वर्षीं विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल या दोघां इंग्रज गृहस्थांनीं तसा घट बनवून त्याच्या तारा पाण्यांत सोडल्या. तारा पितळेच्या होत्या. एका तारेपाशीं हायड्रोजनचे बुडबुडे येऊं लागले. दुसरीपाशीं प्राणवायूचे बुडबुडे यावयाचे, ते न येतां ती तारच काळवंडून झिजूं लागली. मग त्यांनीं प्लॅटिनमच्या तारा घातल्या, तेव्हां दोहींकडे वायु सुटला. वाचकांनीं ही लहानशी हकीकत ध्यानांत ठेवावी. स्वस्त धातु प्राणवायूच्या बाजूस खाल्ला जातो आणि महाग धातु टिकतो, हा जो सव्वादोनशें वर्षांचा तंटा, तो त्या पहिल्याच प्रयोगांत उभा राहिला होता.

पाणी फोडण्यास कांहीं एक शक्ति लागतेच. तिच्यावर आणखी कांहीं शक्ति वाटेंत वायां जाते. ज्या पृष्ठभागावर ही क्रिया घडते त्याच्या अंगीं ती सुलभ करण्याचा गुण असेल, तर हा वायां जाणारा भाग कमी होतो. असा जो पदार्थ स्वतः खर्ची न पडतां क्रिया सुलभ करितो, त्यास उत्प्रेरक म्हणतात. या गुणास शास्त्रांत नांव मिळालें तें स्वीडनच्या बर्झेलियसकडून, १८३५ च्या सुमारास. पण उत्प्रेरकाच्या शक्तीची मर्यादा कोठें आहे, हें बातम्या लिहिणारे सहसा सांगत नाहींत. कोंकणांतून देशावर यावयाचें तर सह्याद्रि चढावाच लागतो. पूर्वीं वाट डोंगराच्या अंगाखांद्यावरून जाई आणि कित्येक ठिकाणीं चढून पुन्हां उतरावें लागे. पुढें बोरघाटांत बोगदे खोदून आगगाडी नेली, तेव्हां हा अकारण चढउतार वांचला. तरी कर्जतहून लोणावळा जितकें उंच आहे तितकें आजही आहे. ती उंची कोणाही इंजिनियरास कमी करितां आली नाहीं. उत्प्रेरक हा बोगदा खोदणारा गडी आहे. उंची त्याच्या हातीं नाहीं. विजेच्या भाषेंत ही उंची १.२३ व्होल्ट, कारखान्यांतील घट प्रत्यक्षांत बहुधा १.८ ते २ व्होल्टांवर चालतात. मधला जो फरक, त्यांतील कांहीं हिस्सा चांगला उत्प्रेरक वांचवूं शकतो. त्याहून अधिक वांचविणारा उत्प्रेरक झाला नाहीं आणि होणारही नाहीं.

या एवढ्या गोष्टीच्या अज्ञानावर कित्येकांनीं आपलें पोट भरलें आहे. पाण्यावर चालणारी मोटार, पाणी पेटवून जळणारी शेगडी, असल्या जिनसा दर चार वर्षांनीं बाजारांत येतात. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत अशाच पाण्याच्या मोटारीसाठीं लोकांकडून पैसे घेणाऱ्या स्टॅन्ले मेयर या इसमास तेथील न्यायालयानें १९९६ सालीं घोर लबाडीचा दोषी ठरवून पैसे परत करावयास लाविलें. पाणी हें जळून गेलेल्या हायड्रोजनची राखच होय. राखेपासून पुन्हां लांकूड करावयाचें तर जितकी उष्णता जळतांना मिळाली, तितकी तरी परत घालावीच लागणार. आठव्या इयत्तेंतील मुलास हें पटतें; मोठ्या माणसांस तें पटत नाहीं याचें कारण लोभ असावा. असो.

आतां स्वस्त धातूचा शोध चालू कां आहे, हें पाहूं. पाणी फोडणारे कारखानदारी घट मुख्यतः दोन जातींचे आहेत. एका जातींत कॉस्टिक पोटॅशचें तीव्र द्रावण असतें. ही जात जुनी. दुसऱ्या जातींत कागदासारखा पातळ पडदा असतो व तो अम्लधर्मी असतो. ही जात १९६० नंतर अमेरिकेंत वाढीस लागली. दुसरीचा घट आटोपशीर असतो, वीज कमी-अधिक झाली तरी तो लगेच जुळवून घेतो, म्हणून सूर्य व वारा यांच्या लहरी विजेला ती जात मानवते. परंतु अम्लांत प्राणवायूच्या बाजूस निकेल, लोखंड, कोबाल्ट यांपैकीं कोणीही फार काळ जीव धरीत नाहीं. ते विरघळून जातात. तेथें आजवर एकच धातु चांगला टिकलेला आहे, तो इरिडियम. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञानें तो १८०३ सालीं शोधला व त्याच्या क्षारांचे नानाविध रंग पाहून इंद्रधनुष्याच्या देवतेवरून त्याचें नांव ठेविलें. नांव सुंदर आहे, पण धातु अतिशय दुर्मिळ. साऱ्या जगांत वर्षाकांठीं तो सात-आठ टन निघतो, तोही बहुतेक दक्षिण आफ्रिकेंत, आणि स्वतंत्र खाणींतून नव्हे तर प्लॅटिनमच्या पाठोपाठ. म्हणजे मागणी वाढली म्हणून इरिडियम अधिक काढूं, असें कोणास म्हणतां येत नाहीं. प्लॅटिनम जितका निघेल त्याच्या मानानेंच तो निघणार. दहा लाख किलोवॅट शक्तीचे पडद्याचे घट करावयाचे तर आजच्या पद्धतीनें सुमारें चारशें किलो इरिडियम लागतो. जगांतील वर्षाचा सारा साठा त्यांतच घातला, तरी वीसपट घट होतांना मारामार. आमच्या सरकारच्या ५० लाख टनांसाठीं जितक्या शक्तीचे घट हवे आहेत, ते याहून कितीतरी अधिक. तेव्हां येथें अडचण किंमतीची नसून मुळांत मालच नाहीं, ही आहे. स्वस्त उत्प्रेरकाच्या शोधास आम्ही पाठिंबा देतों तो या कारणास्तव. ‘स्वस्त’ या शब्दापेक्षां ‘विपुल’ हा शब्द त्यास अधिक शोभेल.

पोटॅशच्या जुन्या जातींत ही अडचण मुळींच नाहीं. तिच्यांत लोखंड व निकेल शंभर वर्षांपासून काम करीत आले आहेत. आपल्याकडे तेल थिजवून वनस्पति तूप करतांना हायड्रोजनचें काम सोपें करितो तोही निकेलच; म्हणजे उत्प्रेरक हें प्रकरण आमच्या आयाबहिणींच्या स्वयंपाकघरांत केव्हांच पोंचलें होतें. नॉर्वेमध्यें रुकान गांवाजवळ व्हेमोर्क येथें धबधब्याच्या विजेवर १९२९ च्या सुमारास असा मोठा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या हायड्रोजनपासून खत होऊं लागलें. याच कारखान्यांत जड पाणी निघत असे, व जर्मनांस त्याचा उपयोग अणुसंशोधनांत करितां येऊं नये म्हणून फेब्रुवारी १९४३ मध्यें नॉर्वेच्या तरुणांनीं बर्फांतून जाऊन तेथील यंत्रें उडवून दिलीं. ती कथा मुलांनीं अवश्य मिळवून वाचावी. आपल्या पंजाबांतही नांगल येथें भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खताचा हायड्रोजन करीत, आणि त्याच जोडीला १९६२ सालीं देशांतील पहिला जड पाण्याचा कारखाना चालू झाला. आज व्हेमोर्कला संग्रहालय आहे, व नांगलचा खतकारखाना नैसर्गिक वायूवर चालतो. या दोन्ही ठिकाणीं उत्प्रेरक महाग पडला म्हणून कोणी काम थांबविलें नाहीं. वीज दुसऱ्या कामांस हवी झाली आणि खनिज वायु व तेल यांपासून काढलेला हायड्रोजन स्वस्त पडूं लागला, एवढेंच झालें.

आमच्या म्हणण्याचा सारा भर येथें आहे. थोडें गणित करूं. विद्यार्थ्यांनीं तें ताडून पाहावें. एक किलो हायड्रोजनसाठीं नऊ लिटर पाणी फोडावें लागतें. निसर्गाच्या हिशेबानें त्यास ३९ युनिटांहून थोडी अधिक वीज पुरे. चांगल्या कारखान्यांत ५० ते ५५ युनिटें लागतात. आपण ५२ धरूं. वीज पांच रुपये युनिट असेल तर नुसत्या विजेचे २६० रुपये झाले. आतां कोणी असा गुणी उत्प्रेरक आणिला कीं त्यानें चार युनिटें वांचविलीं. ही कांहीं थोडी करामत नव्हे. बचत झाली वीस रुपयांची. याउलट उत्प्रेरक जुनाच ठेवून वीज तीन रुपयांनीं मिळाली, तर बचत होते १०४ रुपयांची. उत्प्रेरक फुकट मिळाला तरी विजेचें बिल चुकत नाहीं.

आणि ही वीज कोठून आली, हा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. आपल्या देशांतील तारांमधून जी वीज घरोघर येते, तिच्या प्रत्येक युनिटामागें सरासरी सुमारें ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण तिचा मोठा भाग अजून कोळशाचाच आहे. ५२ युनिटांस तो ३६ किलोंच्या आसपास होतो. नैसर्गिक वायूच्या रीतीनें नऊ-दहा किलो सुटत होता, तो आतां तिपटीहून अधिक सुटला! घटांत धूर नाहीं, बुडबुडे स्वच्छ आहेत, उत्प्रेरकही स्वस्त आहे. धूर मात्र दूर कोठें तरी चिमणींतून निघून गेला. सरकारनें ऑगस्ट २०२३ मध्यें हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवितांना एका किलोमागें दोन किलोंची मर्यादा घातली आहे, ती याच कारणानें, व ती योग्यच आहे. ही मर्यादा कागदावर न राहतां कसोशीनें मोजली जावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

मग उपाय म्हणून लोक सूर्याकडे बोट दाखवितात. सौर वीज मोठमोठ्या लिलावांत अडीच रुपयांच्या आसपास मिळूं लागली आहे, हें खरें. परंतु सूर्य दिवसाचे कांहीं तासच काम करितो. नुसत्या त्याच्यावर चालणारा घट वर्षांतील तीन चतुर्थांश वेळ रिकामा बसतो. रिकामें बसणारें यंत्र महाग असून चालत नाहीं. भाड्याचा बैल गोठ्यांत उभा राहिला तरी त्याचें भाडें चालूच असतें. म्हणून सूर्याबरोबर चालावयाचें तर घट स्वस्त पाहिजे, त्यांतील धातु साधे पाहिजेत. येथें स्वस्त उत्प्रेरकाची बाजू पुन्हां बळकट होते. पण नेमकी पंचाईतही येथेंच आहे. रोज सकाळीं चालू, संध्याकाळीं बंद, मध्येंच ढग आला कीं अर्धवट, या जाचानें साधे धातू सर्वांत आधीं खचतात. पोटॅशचा घट बंद झाला म्हणजे त्यांत कांहीं काळ उलटा प्रवाह वाहतो, आणि हायड्रोजनच्या बाजूचें निकेल त्यानें गंजूं लागतें. रुकान व नांगल येथील घटांना धरणाची अखंड वीज होती, म्हणून तेथें निकेलनें वर्षानुवर्षें इमानानें काम केलें. ज्या कामासाठीं स्वस्त धातु हवा, त्याच कामांत तो लवकर मरतो, असें हें कोडें आहे. आमच्या मतें या विषयांतील खरें संशोधन हें कोडें सोडविण्याचें आहे. बुडबुडे जलद आणण्याचें नव्हे.

बातम्यांतून मात्र उलट चित्र दिसतें. नवा उत्प्रेरक किती जोमानें काम करितो हें आकड्यांनीं सांगतात, आणि तो किती दिवस टिकला हें शेवटच्या ओळींत उरकतात. कित्येक प्रयोगशाळांतून ही परीक्षा शंभर तासांची असते. शंभर तास म्हणजे चार दिवस आणि चार तास. अमेरिकेच्या ऊर्जाखात्यानें पडद्याच्या घटांसाठीं जें ध्येय ठेविलें आहे, तें ८०,००० तासांचें, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक आहे. लग्नाच्या पंक्तींत चार दिवस धांवपळ केलेल्या मुलाची कोणी लगेच मुनीम म्हणून नेमणूक करीत नाहीं. संशोधकांचा यांत सर्वस्वी दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चार वर्षें एकाच घटापाशीं बसून राहणाऱ्यास पदवी मिळत नाहीं, अनुदान मिळत नाहीं, वर्तमानपत्रांत नांवही येत नाहीं. मग तो कां बसेल?

एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्यालयांत मॅथ्यू कॅनन व डॅनियल नोसेरा यांनीं २००८ सालीं कोबाल्ट व फॉस्फेट यांचा एक उत्प्रेरक प्रसिद्ध केला. तो साध्या, अम्ल नव्हे व क्षार नव्हे अशा पाण्यांत काम करी. आणि त्याहून नवल असें कीं, झिजलेला भाग तो पाण्यांतूनच पुन्हां आपल्या अंगावर बसवून घेई. आपली जखम आपणच भरून काढणारा हा उत्प्रेरक पाहून जगभर वाहवा झाली, आणि ती खोटी नव्हती. २०११ सालीं नोसेरा यांनीं सिलिकनच्या पत्र्यावर तो बसवून ‘कृत्रिम पान’ तयार केलें: पाण्यांत बुडवून उन्हांत धरावें, एका अंगानें हायड्रोजन, दुसऱ्या अंगानें प्राणवायु. गरिबांच्या घरोघर अशी शक्ति पोंचावी, असा त्यांचा हेतु होता. कंपनी निघाली, आपल्या टाटा समूहानेंही तिच्यांत भांडवल घातलें. पण तारा न जोडलेलें तें पान सूर्यप्रकाशांतील शक्तीचा शेंकडा अडीच भागच हायड्रोजनमध्यें उतरवीत असे. त्या वायूला सांठवावयाचें कशांत, दाबावयाचा कसा, आणि त्यापासून पुन्हां वीज करणारें यंत्र गरिबानें आणावयाचें कोठून, हे प्रश्न उत्प्रेरकाच्या बाहेरचे होते. कंपनीनें हा नाद सोडून वीज सांठविणाऱ्या द्रावणांचें काम हातीं घेतलें, व २०१४ सालीं ती एका मोठ्या विमान कंपनीनें विकत घेतली. उत्प्रेरक स्वस्त होता, उत्तम होता, खरा होता. हायड्रोजन स्वस्त झाला नाहीं.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, हें सारें थोतांड आहे व मुलांनीं त्याच्या नादीं लागूं नये. असें म्हणणारे गृहस्थही आम्हांस भेटतात, आणि त्यांचें म्हणणें आम्हांस बातमीदारांच्या उत्साहाहून अधिक घातक वाटतें. त्यांच्यासाठीं निकेलचीच दुसरी एक कथा सांगतों.

पोटॅशच्या द्रावणांत निकेल प्राणवायूच्या बाजूस चांगलें काम करितें, हें फार दिवसांपासून माहीत होतें; आणि त्याचें श्रेय सर्वजण निकेललाच देत. १९८७ सालीं डेनिस कॉरिगन या अमेरिकन संशोधकानें दाखवून दिलें कीं, द्रावणांत मळ म्हणून जें अत्यल्प लोखंड असतें, तें निकेलच्या थरांत शिरतें आणि त्यायोगें त्याची करामत कितीतरी वाढते. निकेलच्या विद्युत्-घटांचे कारागीर लोखंडाला शत्रु मानीत, कारण घट भरतांना तें प्राणवायु सोडवून वीज वायां घालवी. एकाचा दुर्गुण तो दुसऱ्याचा सद्गुण झाला. तरीही ही गोष्ट पुष्कळ दिवस बाजूस पडली, आणि पुढें कित्येक प्रयोगशाळा आपण शुद्ध निकेल मोजीत आहों अशा समजुतीनें लोखंडमिश्रित निकेलच मोजीत राहिल्या. २०१४ च्या सुमारास ऑरेगन विद्यापीठांतील लीना ट्रोटोशॉ, शॅनन बेचर व त्यांचे सहकारी यांनीं पोटॅश कटाक्षानें शुद्ध करून पुन्हां मापें घेतलीं. लोखंड गेलें तशी निकेलची कीर्तिही गेली! लोखंडासारखी कवडीमोलाची धातु, बाटलींतला मळ म्हणून आलेली, आणि तीच कामाची मुख्य धनीण. हा शोध कोणा नव्या झगमगीत पदार्थानें लागला नाहीं. मळ किती आहे हें चिकाटीनें मोजल्यामुळें लागला. आज क्षारधर्मी पडद्याचे जे नवे घट तयार होत आहेत, त्यांत इरिडियमवांचून काम भागावें अशी आशा बाळगली जाते, ती बव्हंशीं या निकेल-लोखंडाच्या जोडीवर. त्या पडद्यांचें आयुष्य अजून बेताचेंच आहे. म्हणजे पुन्हां टिकाऊपणाच.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें कीं, सार्वजनिक पैशांतून जें साहाय्य नव्या उत्प्रेरकांस मिळतें, त्याच्या तोडीचें साहाय्य जुन्या उत्प्रेरकांच्या दीर्घ परीक्षेस मिळावें. देशांत दोन-चार ठिकाणीं तरी अशीं परीक्षागृहें असावींत, जेथें कोणीही आपला घट आणून द्यावा, आणि तो खऱ्या सूर्याबरोबर, खऱ्या ढगांबरोबर, आमच्याकडील मे महिन्याच्या उष्म्यांत व श्रावणांतल्या अर्धवट उजेडांत वर्ष-दोन वर्षें चालवून त्याची झीज जाहीर केली जावी. परदेशांतील थंड हवेंत व अखंड विजेवर घेतलेल्या आकड्यांवरून येथील कारखाने उभारूं नयेत. जो घट अशा परीक्षेंत नापास झाला, त्याचाही अहवाल छापावा. नापासांची यादी न छापण्याची पद्धत शाळेंत ठीक आहे. शास्त्रांत तिनें फार नुकसान होतें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं यासाठीं मोठें होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. विज्ञानप्रदर्शनांत दरवर्षीं कोणी ना कोणी दोन पेन्सिली पाण्यांत उभ्या करून बुडबुडे काढून दाखवितो. हा प्रयोग आम्हांस आवडतो, पण तो एका दुपारीं संपतो. त्याऐवजीं तो असा करावा. पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवावा. मीठ घालूं नये, कारण मिठानें क्लोरिन सुटतो व तो विषारी आहे. नऊ व्होल्टांची बॅटरी, उलट्या भरलेल्या दोन परीक्षानळ्या, एकदां पेन्सिलीचें शिसें आणि एकदां बॅटऱ्या जोडण्यासाठीं विकतात ती निकेलची पट्टी. खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळ दिवा किंवा काडी नसावी, आणि शिक्षक हजर असावे. रोज वीस मिनिटें प्रवाह सोडावा व किती वायु जमला तें मापावें. हायड्रोजन प्राणवायूच्या दुप्पट भरतो कीं नाहीं तेंही पाहावें. पेन्सिलीच्या प्राणवायूच्या बाजूचें टोंक कांहीं दिवसांनीं भुगा होऊं लागलें, पाणी काळसर झालें, तर घाबरूं नये. निकल्सनसाहेबांच्या पितळी तारेचें जें झालें तेंच झालें. तारीख घालून लिहून ठेवावें. बॅटरी उतरली तर नवी केव्हां लाविली तेंही लिहावें, नाहींतर मागले व पुढले आकडे एकमेकांशीं जुळणार नाहींत.

चाळीस दिवसांची अशी वही घेऊन जो विद्यार्थी पुढील प्रदर्शनास येईल, त्यास परीक्षकांनीं बुडबुडे दाखव म्हणून अडवूं नये, अशी आमची त्यांस विनंति आहे. पेन्सिल कितव्या दिवशीं फुटली व निकेलचा वायु किती घटला, एवढें त्यास विचारावें.